चारशे यार्डांतली कोंडी

चारशे यार्ड म्हणजे साधारण ३६५ मीटर. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पावशेर रवा घेऊन यावा, एवढं अंतर. कॅलिफोर्नियातलं बर्कलीचं विद्यापीठ आणि त्याच्या मागच्या टेकडीवरची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यात एवढंच अंतर. १९८६ च्या ऑक्टोबरात या दोन जागांमधल्या संगणकांचा एकमेकांना माहिती पाठवण्याचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला.

४० बिट म्हणजे रोमन लिपीतली पाच अक्षरं. मिनिटाला साठ शब्दांची इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास झालेला आपला सरकारी कारकून साधारण याच वेगाने टंकतो. एक मेगाबाइटची फाइल, जी चार-सव्वाचार मिनिटांत जायची, तिला या वेगाने पंचावन्न तास लागले असते. त्यापेक्षा टेपचं रीळ काखेत मारून टेकडी उतरलेलं बरं!

आणि काहीही मोडलेलं नव्हतं. तार तुटली नव्हती, वीज गेली नव्हती, कुणी विषाणू सोडला नव्हता. सगळी यंत्रं चालू होती आणि नेमून दिलेलं काम इमानेइतबारे करत होती. त्या इमानेइतबारेपणामुळेच सगळं ठप्प झालं होतं.

मंडळी, आमच्या घरातल्या वाचकांना (आई, सांगलीचे काका, आणि 'तू काय लिहितोस ते कळत नाही पण वाचते' म्हणणारी मावशी) ही नोंद जरा तांत्रिक वाटेल. पण हा इतिहासच आहे. आपल्याकडे इतिहास म्हटला की शिवकाल नाहीतर पेशवाई. संगणकांच्या जाळ्यालाही त्याची पानिपतं आहेत, फक्त त्यांच्या बखरी कुणी लिहीत नाही. म्हणून म्हटलं आपणच थोडी लिहावी.

आधी टेलिफोनचं उदाहरण घेऊ, ते घरातल्या सगळ्यांना आठवत असेल. ट्रंक कॉल लावायचा म्हणजे आधी नोंदवायचा. साधा, अर्जंट किंवा लाइटनिंग. मग तासन् तास फोनपाशी बसायचं. पुढे एसटीडी आलं तरी दिवाळीला नंबर फिरवला की ती बाई सांगायचीच, 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं.' आपण चिडायचो. पण त्या बाईच्या वाक्यात एक फार मोठं शहाणपण होतं. टेलिफोनच्या जाळ्यात दोन माणसांच्या बोलण्यासाठी एक पूर्ण वाट राखून ठेवली जाते. वाट शिल्लक नसेल तर नव्या माणसाला आत घेतच नाहीत. त्यामुळे बाहेरचे ताटकळले तरी आत बोलणाऱ्यांचं बोलणं बिघडत नाही.

आंतरजालाचं तसं नाही. तिथे कुणासाठी वाट राखलेली नसते. माहितीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा पाकिटात घालायचा, वर पत्ता घालायचा आणि सोडून द्यायचा. वाटेतल्या प्रत्येक चौकीवर (म्हणजे आजच्या भाषेत राउटरवर) पाकिटं रांगेत उभी राहतात आणि एकेक पुढे जाते. रांगेची जागा भरली की चौकी जास्तीची पाकिटं सरळ फेकून देते. कळवत वगैरे काही नाही. पोचलेल्या पाकिटाची पोच उलट येते. ठरलेल्या वेळात पोच आली नाही, तर पाठवणाऱ्याने ते पाकीट हरवलं असं समजायचं आणि पुन्हा पाठवायचं. १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतल्या आर्पानेट या मूळ जाळ्यावर टीसीपी-आयपी नावाची ही पद्धत लागू झाली. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली तिचा आराखडा मांडला होता.

पद्धत सुंदरच आहे. पण तिच्यात एक भोक राहून गेलं होतं. घेणारा संगणक 'जरा थांब, माझी ओंजळ भरली' असं सांगू शकत होता, त्याची सोय केलेली होती. मधल्या रस्त्याला मात्र तोंडच नव्हतं. रस्ता भरलाय हे पाठवणाऱ्याला कळायचं कसं?

मग व्हायचं काय, तर रांग वाढली की पाकिटाला पोचायला उशीर. त्याची पोच यायला उशीर. पाठवणारा आपल्या घड्याळाकडे बघणार आणि ठरवणार की पाकीट हरवलं. ते हरवलेलं नाहीच, रांगेत उभं आहे. पण हा दुसरी प्रत पाठवणार. ती त्याच रांगेत मागे उभी राहणार. आता रांग आणखी लांब, पोच आणखी उशिरा, मग तिसरी प्रत. हे एकटा संगणक नाही, सगळेच करणार. थोड्या वेळाने त्या तारेवरून जे वाहतंय त्यातलं बहुतेक सगळं आधीच पोचलेल्या किंवा रांगेत असलेल्या पाकिटांच्या नकला. तार शंभर टक्के भरलेली आणि उपयोगाचं काम जवळजवळ शून्य.

घाटात दोन्ही बाजूंच्या गाड्या पुढे घुसतात आणि मग कुणालाच मागे-पुढे होता येत नाही, तो प्रकार आपण सगळ्यांनी भोगलाय. फरक इतकाच की घाटात निदान गाड्यांची संख्या तेवढीच राहते. इथे अडकलेली प्रत्येक गाडी दर मिनिटाला स्वतःसारखी आणखी एक गाडी तयार करते.

हे होणार असं सांगणारा माणूस होता. जॉन नेगल, फोर्ड एरोस्पेस कंपनीतला. (हो, मोटारवाल्या फोर्डचीच ती शाखा.) कंपनीच्या अंतर्गत जाळ्यावर त्याने हा प्रकार पाहिला होता, आणि जानेवारी १९८४ मध्ये त्याने एक टिपण लिहिलं. ठप्प होण्याच्या या स्थितीला त्याने 'कंजेशन कोलॅप्स' म्हटलं. म्हणजे गर्दीने आलेली मूर्च्छा म्हणू या. एकदा ही मूर्च्छा आली की ती आपोआप उतरत नाही, ती एक स्थिर अवस्था आहे, हे त्याने स्पष्ट लिहिलं होतं. आर्पानेटवर ती अजून दिसली नाही याचं कारण तिथे गरजेपेक्षा जास्त क्षमता आहे, हेही. त्याच टिपणात दुसरी एक मजेदार तक्रार होती. दूरच्या संगणकावर कुणी एकेक अक्षर टंकत असेल, तर एका अक्षरासाठी एक पाकीट जातं आणि त्यावर पत्ता वगैरेंचे चाळीस बाइट. एका अक्षराला चाळीसचा बोजा. यावर त्याने सुचवलेला उपाय आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. मूर्च्छेबद्दलचा इशारा मात्र पावणेतीन वर्षं तसाच पडून राहिला.

बरं, जाळं ठप्प होण्याची ही पहिली वेळही नव्हती. २७ ऑक्टोबर १९८० ला आर्पानेट कित्येक तास निकामी झालं होतं. ती गोष्ट मला फार आवडते, म्हणून थोडं विषयांतर करून सांगतो.

आर्पानेटच्या चौक्यांना 'इंप' म्हणत. आपल्या बाजूच्या तारांची हालहवाल काय आहे, याचा निरोप प्रत्येक इंप अधूनमधून बाकी सर्वांना पाठवायचा, म्हणजे कुठून वाट काढायची ते इतरांना कळे. निरोपावर अनुक्रमांक असायचा, ० ते ६३, आणि त्यानंतर पुन्हा ०. नवा निरोप आला की जुना टाकून द्यायचा आणि नवा शेजाऱ्यांना पुढे द्यायचा. आता आकडे गोल फिरणारे, तर 'नवा' कोणता हे कसं ठरवायचं? घड्याळासारखं. जो आकडा अर्ध्या फेरीच्या आत पुढे असेल तो नवा.

त्या दिवशी ५० क्रमांकाच्या इंपच्या स्मरणातून बिटं गळायला लागली आणि त्याच्या एकाच निरोपाच्या तीन प्रती बाहेर पडल्या. अनुक्रमांक ४४, ४० आणि ८. (दुहेरी पद्धतीत लिहून बघा, ४४ मधलं एक बिट गळलं की ४०, आणखी एक गळलं की ८.) आता घड्याळावर ११, ३ आणि ७ हे आकडे घ्या. ११ नंतर ४ तासांनी ३, तीननंतर ४ तासांनी ७, आणि सातनंतर ४ तासांनी पुन्हा ११. यातला सगळ्यात नवा कोणता? प्रत्येकच दुसऱ्या एकापेक्षा नवा! ४४, ४० आणि ८ यांचं नेमकं तसंच झालं. प्रत्येक इंप एक निरोप घ्यायचा, जुना म्हणून दुसरा टाकायचा, पुढे पाठवायचा, तोवर तिसरा नवा म्हणून हजर. तीन निरोप अख्ख्या जाळ्यात कधीच न संपणारी भोज्जाची शिवाशिवी खेळत राहिले.

आणि या निरोपांना वाहतुकीत सर्वोच्च प्राधान्य होतं. साहजिकच आहे, वाहतूक नियंत्रणाचे निरोप अडकून कसे चालतील? त्यामुळे बाकी कशालाच जागा मिळेना. एखादा इंप बंद करून पुन्हा चालू केला, तर शेजारी त्याला ताबडतोब तेच तीन निरोप देऊन मोकळे. शेवटी '५० नंबरचा काहीही बोलला तरी ऐकू नका' अशी दुरुस्ती सर्व इंपांत घातली, तेव्हा जाळं जागं झालं. बीबीएन कंपनीच्या एरिक रोझेन यांनी पुढच्या वर्षी यावर एक टिपण लिहिलं. तांत्रिक टिपण रहस्यकथेसारखं वाचता येतं याचं ते एक उत्तम उदाहरण आहे.

असो. मूळ मुद्द्याकडे वळण्याआधी मावशीची शंका. फोनवर हे सगळं सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, 'अरे पण रस्ता तुंबला तर रस्ता तुंबला. संगणक का गोठतो?' प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या ज्या कंपनीत मी होतो (नाव नको), तिथे आमच्या सर्वांच्या फायली आपापल्या यंत्रावर नसत. एका मध्यवर्ती सर्व्हरवर असत आणि जाळ्यातून आमच्या यंत्रांना जोडलेल्या असत. रात्री बॅकअप चालू असताना बाकीच्यांना त्रास होऊ नये म्हणून देखभाल विभागातल्या एकाने त्या सर्व्हरच्या वाहतुकीला मर्यादा घातली. लिनक्समध्ये त्यासाठी 'टीसी' नावाची आज्ञा असते, म्हणजे ट्रॅफिक कंट्रोल. तिच्यात आकड्याच्या मागे एकक लिहायचं. तिथे 'एमबिट' ऐवजी 'केबिट' पडलं. शंभर मेगाबिटांच्या जागी शंभर किलोबिट, आणि त्यावर साठेक माणसांच्या फायली. (या आज्ञेचा आणखी एक विक्षिप्तपणा म्हणजे तिच्यात 'केबीपीएस' लिहिलं तर ती किलोबिट नव्हे, किलोबाइट समजते. आठ पटीचा फरक! हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायला हवं.)

सकाळी आलो तर कर्सर हलतोय, पण काहीच उघडत नाहीये. एखादी साधी आज्ञा दिली की ती खिडकी गेली. रद्द करायला जा, रद्दही होत नाही. कारण संगणकाचा गाभा फाइलीची वाट बघत बसलेला असतो, आणि त्या वाट बघण्यातून त्याला मध्येच उठवता येत नाही. अशा जोडणीत नियमच असा की सर्व्हर उत्तर देईपर्यंत विचारत राहायचं. हार मानायची नाही, कारण अर्धवट लिहिलेली फाइल म्हणजे विदा गेलाच समजा. नियम चांगल्या हेतूचा. परिणाम मात्र साठ गोठलेले पडदे. लोकांनी यंत्रं बंद करून चालू केली, त्यामुळे सर्व्हरवर आणखी मागण्या. आणि कळस म्हणजे ज्याने ती मर्यादा घातली होती, तो ती काढायला आपल्या जागेवरून सर्व्हरवर शिरायला बघत होता, आणि त्याची पाकिटंही त्याच रांगेत उभी होती. शेवटी किल्ली शोधून, सर्व्हरच्या खोलीत जाऊन, प्रत्यक्ष कळफलक जोडून ते काम झालं. त्या दिवशी चहावाल्याचा धंदा मात्र जोरात झाला.

तर बर्कली. तिथे प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन होता आणि विद्यापीठात माइक कॅरल्स. कॅरल्स बर्कली युनिक्सच्या जाळ्याचा भाग सांभाळायचा. त्या काळी टीसीपीची सर्वांत जास्त वापरली जाणारी आवृत्ती तीच. जेकबसनने पुढे आपल्या निबंधात लिहिलंय की त्यांना दोन प्रश्न पडले होते. बर्कलीची टीसीपी चुकीचं वागतेय का, आणि भयंकर परिस्थितीतही बरं चालावं म्हणून तिला नीट लावता येईल का. दोन्हींचं उत्तर 'हो' निघालं.

त्यांनी शोधलेल्या उपायांचं सार आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या देवस्थानाच्या दर्शनबारीत दिसतं. एक भक्त बाहेर पडला तरच एकाला आत सोडायचं. पोच आली म्हणजे एक पाकीट रस्त्यावरून उतरलं, आता दुसरं सोडायला हरकत नाही. पण सुरुवातीला कुणीच आत नसतं, तेव्हा किती सोडायचे? एकाने सुरुवात करायची, मग दोन, मग चार, असं दुपटीने वाढवत जायचं. याचं नाव 'स्लो स्टार्ट', म्हणजे मंद प्रारंभ. दुपटीने वाढणाऱ्या गोष्टीला मंद का म्हणायचं, असं कुणी विचारेल. तर आधीची यंत्रं पहिल्याच दमात होतं नव्हतं ते सगळं ओतायची, त्या मानाने मंद!

दुसरा उपाय घड्याळाचा. पोच किती वेळाने यायला हवी याचा अंदाज बांधताना नुसती सरासरी नको, तिच्यात किती चढउतार होतो तेही धरायचं. म्हणजे रांग वाढली की घाईने दुसरी प्रत पाठवायची नाही. आणि पाठवावीच लागली तर प्रत्येक वेळी आधीपेक्षा दुप्पट थांबायचं.

तिसरा उपाय सगळ्यात महत्त्वाचा. पाकीट हरवलं म्हणजे काय समजायचं? पूर्वी अर्थ होता, 'पुन्हा पाठव.' आता अर्थ झाला, 'रस्ता भरलाय, वेग निम्मा कर.' मग हळूहळू, फेरीगणिक एकेक पाकीट वाढवायचं, पुन्हा हरवलं की पुन्हा निम्मं. रस्त्याला तोंड नव्हतं ना, तर त्याच्या गप्प बसण्यालाच भाषा मानली.

वाढताना एकेक आणि उतरताना एकदम निम्मं, असं का? यामागचं गणित डिजिटल इक्विपमेंट कंपनीतल्या डा-मिंग च्यू आणि राज जैन यांनी १९८९ च्या निबंधात मांडलं. ते इतकं गोड आहे की इथे दिल्याशिवाय राहवत नाही. समजा रस्त्यावर १२ पाकिटांची जागा आहे. एकाने १० अडवली आहेत, दुसऱ्याला २ मिळाली. रस्ता भरला, दोघांनी निम्मं केलं. ५ आणि १. मग दोघांनी सारखंच वाढवलं, तीन-तीन. ८ आणि ४. पुन्हा भरला. निम्मं, ४ आणि २. पुन्हा तीन-तीन, ७ आणि ५. पुढच्या खेपेला साडेसहा आणि साडेपाच. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललेले नाहीत, कुणी लवाद बसलेला नाही, आणि वाटणी बरोबरीकडे सरकतेय. भाऊबंदकीच्या दाव्यांत हे सूत्र लागू पडलं असतं तर किती वकील घरी बसले असते :)

(हे राज जैन आणि त्यांच्याच कंपनीतले के. के. रामकृष्णन, दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. पाकीट फेकण्याऐवजी त्यावर 'गर्दी आहे' अशी खूण करावी, अशी कल्पना या दोघांनी १९८८ मध्येच मांडली होती. तिचं सुधारित रूप आंतरजालाच्या नियमांत यायला २००१ साल उजाडलं. आणि आल्यावर कित्येक ठिकाणच्या जुन्या फायरवॉल त्या अनोळखी खुणेची पाकिटं संशयित म्हणून फेकून देऊ लागल्या!)

जेकबसन आणि कॅरल्स यांनी हे सगळं बर्कली युनिक्समध्ये घातलं आणि १९८८ मध्ये ते सर्वांना दिलं. त्याच वर्षी जेकबसनचा निबंधही आला. मला इतिहास म्हणून यात जे विलक्षण वाटतं ते पुढेच आहे. हा कायदा नव्हता. तो कोणत्याही सरकारने केला नाही. वाटेतल्या चौक्यांमध्ये काहीच बदललं नाही, त्यांना काही कळलंही नाही. बदल झाला तो फक्त टोकांच्या संगणकांत. ज्याने तो बसवला त्याने स्वतःहून आपला वेग कमी करायचं कबूल केलं, शेजारी करतो की नाही याची खात्री नसताना. आणि हजारो यंत्रांचं तेव्हाचं जाळं वाढत वाढत आज अब्जावधी यंत्रांचं झालं, तरी हा समजुतीचा मामलाच चालू राहिला.

फसवता येत नाही का? येतं की. वाटणी होते ती जोडण्यांमध्ये, माणसांमध्ये नाही. ज्याने एकाऐवजी आठ जोडण्या उघडल्या त्याला आठ वाटे. डायल-अपच्या काळात फाइल भराभर उतरवून देणारी जी सॉफ्टवेअरं आपण सगळे कौतुकाने वापरायचो, त्यांची जादू बरीचशी हीच होती. एका फाइलीचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळी जोडणी. मला ते काही फार मोठं पाप वाटत नाही, पण रांगेत चार पिशव्या ठेवून चार नंबर लावणारे काका मला तेव्हापासून जरा ओळखीचे वाटतात.

यथावकाश नियमाची दुसरी बाजू उघडी पडली. पाकीट हरवलं तरच वेग कमी करायचा. मग ते हरवलंच नाही तर? स्मरण-चिपा स्वस्त झाल्या, तशा बनवणाऱ्यांनी राउटरांत आणि मोडेमांत भल्यामोठ्या रांगांची जागा करून ठेवली. हेतू पुन्हा चांगलाच, की पाकिटं फेकावी लागू नयेत. डॉक्टरांच्या दवाखान्यात 'आजचे नंबर संपले' अशी पाटी लावायच्या ऐवजी शंभर खुर्च्या टाकून सगळ्यांना बसवून घेतलं, तर कुणालाच परत जावं लागत नाही हे खरं, पण ताप मोजून घ्यायला तीन तास लागतात. जिम गेटिस या बुजुर्ग संगणकतज्ज्ञाला २०१० मध्ये घरून मोठ्या फायली पाठवताना बाकी सगळं जाळं रांगतंय असं दिसलं, त्याने पाठपुरावा केला आणि या रोगाला 'बफरब्लोट' हे नाव पडलं. बफर सुजणे. काका, तुमच्याकडे कुणी फोटो चढवायला बसलं की अमेरिकेचा व्हिडिओ कॉल अडखळतो ना, त्याच्या मागे बरेचदा हेच असतं. वेग कमी नसतो, रांग लांब असते.

त्यावरचं औषध २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि (हो, तोच) व्हॅन जेकबसन यांनी दिलं. रांगेत किती पाकिटं आहेत ते मोजूच नका, पाकीट किती वेळ थांबलं ते मोजा. सतत शंभर मिलिसेकंद बघूनही थांबण्याचा किमान वेळ पाच मिलिसेकंदांच्या खाली येत नसेल, तर पाकिटं टाकायला लागा, म्हणजे पाठवणारे शुद्धीवर येतील. त्याच वर्षी ते लिनक्समध्ये आलं. एरिक द्युमाझे यांनी त्याला प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग जोडली. डेव टाट या माणसाने तर हा रोग घराघरातल्या राउटरांतून काढायचा ध्यासच घेतला होता. एप्रिल २०२५ मध्ये तो वारला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं वाटत असेल, तर २ जून २०१९. त्या दिवशी गूगलच्या अमेरिकेतल्या काही केंद्रांत देखभालीचं एक नेहमीचं काम निघालं. मांडणीतल्या दोन चुका, ज्या एरवी निरुपद्रवी ठरल्या असत्या, आणि सॉफ्टवेअरमधला एक दोष असे एकत्र आले, आणि जाळ्याची वाहतूक नियंत्रित करणारे कार्यक्रमच एकापेक्षा जास्त ठिकाणी एकदम बंद केले गेले. वाट दाखवणारेच गेल्यावर क्षमता आटली, उरलेल्या तारांवर कोंडी झाली. यूट्यूब, जीमेल आणि कितीतरी लोकांचा धंदा सुमारे चार तास लंगडत राहिला. गूगलने नंतर स्वतःच सविस्तर लिहिलं की काय झालंय ते अभियंत्यांना लवकर लक्षात आलं होतं, पण तपासाची आणि दुरुस्तीची त्यांची साधनंही त्याच तुंबलेल्या तारांवरून जागेसाठी झगडत होती. हे वाचलं तेव्हा मला आमच्या सर्व्हरच्या खोलीची किल्ली आठवली. त्यांच्याकडे एकच खोली नव्हती, ही त्यांची पंचाईत.

जेकबसनबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. २०१६ मध्ये गूगलमधल्या काही जणांनी वेग ठरवण्याची एक नवी रीत प्रसिद्ध केली, 'बीबीआर' नावाची, आणि तिच्या लेखकांत त्याचंही नाव होतं. ती पाकीट हरवण्याची वाट बघत नाही. रस्त्याची रुंदी किती आणि रांग नसताना पोचायला किती वेळ लागतो, हे सतत मोजत राहते आणि तेवढंच पाठवते. म्हणजे हरवलेल्या पाकिटाला खूण मानायची ही अठ्ठ्याऐंशी सालची स्वतःचीच समजूत त्याने बाजूला ठेवली. यूट्यूबवर ती चांगली चालली. पण इतरांनी तपासून पाहिलं तेव्हा दिसलं की एकाच तारेवर जुन्या नियमाने चालणारे आणि बीबीआरवाले एकत्र आले, की काही परिस्थितींत बीबीआरवाले आपल्या वाट्यापेक्षा बरंच जास्त घेतात. जुने बिचारे पाकीट हरवलं की निम्मं करतात, आणि नवे तिकडे लक्षच देत नाहीत. २०२३ मध्ये गूगलने तिची तिसरी आवृत्ती मांडली. जुन्या रीतीने चालणाऱ्या शेजाऱ्याला किती जागा सोडायची, हा तिच्यातला एक मुख्य मुद्दा होता.